त्या बँडमधला आरएनए कोणी बनवला?

जेलवर आठ लेन होत्या. सहाव्या लेनमधल्या पेशींना एल प्रोटीनचं प्लाझ्मिड दिलेलंच नव्हतं. एल नाही म्हणजे विषाणूचं पॉलिमरेज नाही, आणि पॉलिमरेज नाही म्हणजे विषाणूचा एकही एमआरएनए तयार होणार नाही. तरी त्या लेनमध्ये शेजारच्या लेनइतकाच ठळक बँड होता. तोच बँड मी सात महिने 'रीड-थ्रू' म्हणून, म्हणजे पॉलिमरेज जीनच्या शेवटी न थांबता पुढे गेल्याची खूण म्हणून, मोजत आले होते.

त्या दिवशी मी जेलचा फोटो वहीत चिकटवला आणि खाली फक्त तारीख लिहिली. दुसरं काही सुचलं नाही. आज त्या पानाकडे पाहिलं तरी पोटात खड्डा पडतो. पण तुम्ही नुकतेच या विषयात आला असाल, आरएनए विषाणू आपल्या जीनचं ट्रान्स्क्रिप्शन कुठे आणि कसं थांबवतात यावर काम सुरू करणार असाल, तर ते पान तुमच्या उपयोगाचं आहे. पॉलिमरेज काय करतं, आरटी-पीसीआर कशी करतात, हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्हाला येत असणारच.

माझी सुरुवात व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूपासून, म्हणजे व्हीएसव्हीपासून झाली. तुमचीही तिथूनच व्हावी असं मला मनापासून वाटतं, मग तुमचा विषाणू कुठलाही असो. सुमारे ११ हजार न्यूक्लिओटाइडचा निगेटिव्ह-स्ट्रँड, म्हणजे एमआरएनएच्या उलट दिशेचा जीनोम, त्यात ३′ टोकाकडून एन, पी, एम, जी आणि एल असे ओळीने पाच जीन. १९७० मध्ये बाल्टिमोर, हुआंग आणि स्टॅम्फर यांनी दाखवलं की या विषाणूच्या कणातच आरएनए पॉलिमरेज असतं. १९७६ मध्ये दोन गटांनी अतिनील किरणांचा वापर करून जीनचा क्रम लावला. हे काम मूळ शोधनिबंधातूनच वाचा, कारण त्याची युक्ती फार सुंदर आहे. किरणांनी जीनोमवर जिथे इजा होते तिथे पॉलिमरेज अडतं. प्रत्येक जीनसाठी पॉलिमरेज स्वतंत्रपणे चढत असतं, तर जीन जेवढा लांब तेवढाच तो किरणांना बळी पडला असता. प्रत्यक्षात एल जीनची संवेदनशीलता जवळजवळ सगळ्या जीनोमच्या लांबीएवढी निघाली. याचा अर्थ, एलपर्यंत पोचायचं तर आधीचे चारही जीन पार करून यावं लागतं. शिरायचं दार एकच, ३′ टोकाकडचं.

आता दार एकच असेल, तर प्रत्येक जीनच्या शेवटी पॉलिमरेजला तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत: चालू एमआरएनए पुरा करून सोडणं, स्वतः जीनोमवर टिकून राहणं, आणि पुढच्या जीनवर नवा एमआरएनए सुरू करणं. व्हीएसव्हीमध्ये जीनच्या शेवटचा सिग्नल जीनोमच्या भाषेत ३′ कडून असा वाचतात: ए-यू-ए-सी, मग सलग सात यू. त्यानंतर दोन न्यूक्लिओटाइडची मोकळी जागा, जिची नक्कल एमआरएनएत उतरत नाही. मग पुढच्या जीनचा आरंभ. सात यू आले की पॉलिमरेज तिथेच अडखळतं. सात ए जोडतं, मागे घसरतं, पुन्हा त्याच यूंवरून ए जोडतं, असं करत शे-दीडशे किंवा त्याहून जास्त ए-ची शेपटी तयार करतं. या शेपटीसाठी वेगळं एन्झाइम नाही, जीनोमवर शेपटीएवढे यू-ही नाहीत. तेच सात यू परत परत वाचले जातात. शेपटी जोडणं आणि थांबणं ही इथे एकाच प्रक्रियेची दोन अंगं आहेत.

या सिग्नलचा काटेकोरपणा पहिल्यांदा कळला तेव्हा मी थक्क झाले होते. बार, व्हेलन आणि वर्ट्झ यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सातातला एक यू काढून सहा ठेवले की टर्मिनेशन, म्हणजे एमआरएनए तिथे संपणं, होतच नाही. त्यांच्या आधीचा सी बदलला तरी तेच. पॉलिमरेज सरळ पुढे जातं, मोकळ्या जागेचीही नक्कल करतं, पुढच्या जीनचा आरंभ-सिग्नल ओलांडतं, आणि दोन जीनचा एक लांब जोड-एमआरएनए बनवतं. रीड-थ्रू म्हणतात ते हेच. लक्षात घ्या, अशा वेळी पुढच्या जीनचा स्वतंत्र एमआरएनए सुरू होत नाही. आधीचं संपल्याशिवाय पुढचं सुरू नाही, हा या विषाणूंचा नियम आहे. तुमच्या म्युटंटमध्ये पुढच्या जीनचं प्रोटीन कमी दिसलं, तर दोष आरंभ-सिग्नलमध्ये आहे असं लगेच धरू नका. आधीच्या जीनचा शेवट तपासा.

आणि नीट थांबल्यावरही दरवेळी पुढे सुरुवात होतेच असं नाही. व्हीएसव्हीत पहिल्या जंक्शनांवर, म्हणजे दोन जीनमधल्या सांध्यांवर, दरवेळी साधारण ३० टक्के पॉलिमरेज गळतात. एनचे शंभर एमआरएनए धरले तर पीचे सत्तर, एमचे एकोणपन्नास, जीचे चौतीसच्या आसपास. ज्याची गरज सर्वांत जास्त तो एन पहिला आणि ज्याची सर्वांत कमी तो एल शेवटचा, हा सगळा हिशेब जीनच्या क्रमातून आणि जंक्शनवरच्या गळतीतून जमतो. १९९८ मध्ये वर्ट्झ, पेरेपेलित्सा आणि बॉल यांनी एन जीनच उचलून मागच्या जागी नेला, तर विषाणूची वाढ मंदावली आणि उंदरांमधली त्याची मारकताही घटली. क्रम बदलण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं. 'हे कशासाठी शिकायचं' असं कोणी विचारलं की मी हा प्रयोग सांगते.

एक छोटा खड्डा आधीच दाखवून ठेवते, कारण त्यात सगळेच पडतात. डेटाबेसमधली व्हीएसव्हीची फाइल उघडून तुम्ही ए-यू-ए-सी आणि सात यू शोधाल. सापडणार नाहीत. निगेटिव्ह-स्ट्रँड विषाणूंचा क्रम फाइलमध्ये बहुधा उलट, म्हणजे एमआरएनएच्या बाजूने, आणि यूच्या जागी टी घालून लिहिलेला असतो. एन आणि पी यांच्यामध्ये तुम्हाला दिसेल टी-ए-टी-जी, सात ए, सी-टी, आणि मग ए-ए-सी-ए-जी. सी-टी ही ती मोकळी जागा, ए-ए-सी-ए-जी हा पुढच्या एमआरएनएचा आरंभ. एकदा कागदावर जीनोम वर आणि एमआरएनए खाली असं हाताने लिहून काढा, दोन्हींवर ३′ आणि ५′ घाला, आणि तो कागद टेबलासमोर लावा. सॉफ्टवेअरने दाखवलेलं पाहून हे डोक्यात बसत नाही. प्राइमर उलट्या दिशेने मागवून महिना घालवलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातले बरेचसे हुशार होते.

आता माझ्या सात महिन्यांकडे येते. हे सावकाश वाचा.

माझ्याकडे दोन रिपोर्टर जीनचा मिनिजीनोम होता, म्हणजे विषाणूच्या जीनोमची छोटी, कृत्रिम आवृत्ती. मध्ये एक जंक्शन, आणि त्या जंक्शनचा शेवट-सिग्नल मी थोडा थोडा बदलत होते. प्लाझ्मिडवर टी-७ प्रमोटर, म्हणजे पेशीत टी-७ पॉलिमरेज आधी मिनिजीनोमचा आरएनए बनवणार. सोबत एन, पी आणि एल यांची प्लाझ्मिडं. मग एन त्या आरएनएवर कवचासारखा चढणार, एल आणि पी मिळून त्याचं ट्रान्स्क्रिप्शन करणार. दोन दिवसांनी आरएनए काढायचा, डीएनेज द्यायचं, रँडम प्राइमरने सीडीएनए करायचा, आणि जंक्शनच्या अलीकडे-पलीकडे प्राइमर ठेवून पीसीआर करायची. बँड आला म्हणजे दोन जीन जोडलेला आरएनए आहे, म्हणजेच रीड-थ्रू. तर्क किती सरळ वाटतो! मला तो इतका सरळ वाटला की एल नसलेला कंट्रोल मी 'नंतर करू' म्हणून ठेवला.

जंक्शन ओलांडणारा आरएनए त्या पेशीत किती जणांनी बनवलेला असू शकतो, ते आता मोजू. पहिलं, प्लाझ्मिडचा डीएनए स्वतःच. तो आरएनए नाही, पण पीसीआरला काय फरक पडतो? प्लेटच्या एका विहिरीत मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने प्लाझ्मिड ओतलेलं असतं, आणि डीएनेज कितीही चांगलं असलं तरी त्यातला काही अंश उरतो. दुसरं, टी-७ ने बनवलेला मिनिजीनोम. तो निगेटिव्ह दिशेचा आहे, पण रँडम प्राइमर दिशा बघत नाहीत. तिसरं, अँटीजीनोम. माझं खरं दुर्लक्ष इथे झालं. विषाणूचं तेच पॉलिमरेज जेव्हा रेप्लिकेशन करतं तेव्हा ते जीनच्या शेवटचे सगळे सिग्नल ओलांडून टोकापासून टोकापर्यंत नक्कल करतं, आणि नवा आरएनए तयार होता होता एन त्यावर चढत जातो. हा अँटीजीनोम एमआरएनएच्याच दिशेचा असतो आणि त्यात प्रत्येक जंक्शन सलग असतं. दिशा बघणारा प्राइमर वापरलात तरी तो आणि खरा रीड-थ्रू एमआरएनए वेगळे दिसणार नाहीत. आणि चौथा, सगळ्यांत शेवटी, मला हवा असलेला खरा रीड-थ्रू.

म्हणजे चारांपैकी तीन स्रोतांचा माझ्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता, आणि प्रमाणाने बहुधा तेच जास्त होते. माझे म्युटंट एकमेकांपेक्षा 'वेगळे' दिसत होते ते प्लाझ्मिडच्या तयारीतल्या फरकामुळे. आलेख मात्र छान यायचे. त्रुटिरेषाही लहान.

'ऑलिगो-डीटी वापर, मग फक्त ए-शेपटी असलेले एमआरएनएच येतील,' असा सल्ला मला एका सिनियरने दिला. तुम्हालाही कोणीतरी देईल. तो अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर सल्ला सर्वांत जास्त वेळ खातो. अँटीजीनोमला ए-शेपटी नाही हे खरं. पण त्याच्या प्रत्येक जंक्शनवर सलग सात ए आहेत, आणि रिपोर्टर जीनमध्येही कुठेतरी ए-ची रांग असतेच. ऑलिगो-डीटी अशा जागी चुकून बसतो. शिवाय रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज प्राइमर न घालताही थोडंफार काम करतं, कारण आरएनए स्वतःवरच दुमडून किंवा दुसऱ्या तुकड्याच्या आधाराने सुरुवात करून देतो. विश्वास बसत नसेल तर प्राइमरशिवाय एक नळी लावून बघा. मी लावली होती. बँड आला.

यातून बाहेर कसं पडायचं? उपाय जुना आहे आणि बिनचूक आहे: अ‍ॅक्टिनोमायसिन डी. ते डीएनएला चिकटतं, त्यामुळे डीएनएवरून आरएनए बनवणारं कुठलंही पॉलिमरेज अडतं, टी-७ असो की पेशीचं स्वतःचं. विषाणूचं पॉलिमरेज आरएनएवरून आरएनए बनवतं, त्याला फरक पडत नाही. औषध घातल्यावर किरणोत्सारी युरिडिन किंवा फॉस्फेट द्यायचं, की त्यानंतर बनलेला आणि खूण लागलेला आरएनए विषाणूच्या पॉलिमरेजचाच. पहिले दोन स्रोत एका फटक्यात गेले. तिसऱ्यासाठी दोन वाटा आहेत. एक, मिनिजीनोमच्या टोकाशी असा बदल करायचा की ट्रान्स्क्रिप्शन होईल पण रेप्लिकेशन पुढे जाणार नाही. दुसरी, अँटीजीनोमवर एनचं कवच असतं आणि एमआरएनएवर नसतं, या फरकाचा फायदा घ्यायचा: आरएनए काढण्याआधी लायसेटला, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रावाला, मायक्रोकॉकल न्यूक्लिएज दिलं की एमआरएनए खलास होतात, कवचातलं तेवढं वाचतं. दिलेला आणि न दिलेला नमुना शेजारी शेजारी चालवा, कोण काय आहे ते दिसेल.

आणि शक्य असेल तिथे नॉर्दर्न ब्लॉट करा. हो, वेळखाऊ आहे. हो, लॅबमधल्या अर्ध्या लोकांनी तो कधी केलेला नसेल. पण नॉर्दर्न आरएनएची लांबी दाखवतो, आणि टर्मिनेशनचा प्रश्न मुळात लांबीचाच आहे. पीसीआर फक्त एवढंच सांगते की दोन प्राइमरच्या मधला भाग कुठेतरी आहे. आरएनए कुठे संपला याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

नॉर्दर्नवरची एक गोष्ट मी कायम जपून ठेवली आहे. आमच्या एमआरएनएचा बँड नेहमी पसरट, धुरकट यायचा, कारण प्रत्येक रेणूची ए-शेपटी वेगळ्या लांबीची. त्याच आरएनएला ऑलिगो-डीटी लावून आरएनेज एच दिलं, म्हणजे शेपट्या कापून टाकल्या, तर तोच बँड खाली सरकला आणि सुरीने कापल्यासारखा बारीक, धारदार झाला. सगळे रेणू एकाच जागी संपले होते, फरक फक्त शेपटीचा होता. अँटीजीनोमचा बँड मात्र जागचा हलला नाही. घसरत घसरत ए जोडणारं पॉलिमरेज मी तोवर शंभर आकृत्यांत पाहिलं होतं. खरं वाटलं ते त्या दोन लेन पाहिल्यावर.

इथे मार्गदर्शकांबद्दल माझं मत सांगते, पटलं तर घ्या. ज्या माणसाकडे तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लगेच तयार असतं, त्याच्यापासून थोडं सावध राहा. माझे सुरुवातीचे मार्गदर्शक तसेच होते. आलेख पाहिला की 'छान, पुढचा म्युटंट कर' म्हणायचे. मला बरं वाटायचं आणि मी पुढचा म्युटंट करायचे. ज्या मॅडमनी मला वाचवलं त्यांनी लॅब मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारला होता: 'हा आरएनए कोणी बनवला?' मी चिडले होते. उत्तर माहीत नव्हतं म्हणून चिडले होते. आठवडाभराने मी सहावी लेन लावली. तुमच्या लॅबमध्ये असा प्रश्न विचारणारं कोणी असेल तर त्यांच्या जवळ बसा, त्यांचा सूर कोरडा असला तरी. आणि नसेल तर तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून स्वतःच विचारत जा.

आढावा-लेखांतल्या आकृत्यांवरून शिकण्याचा आडमार्ग मला अजिबात मान्य नाही. त्या आकृत्यांत सगळे विषाणू एकसारखे दिसतात: बाण, थांबा, बाण. प्रत्यक्षात दोन विषाणूंमध्येही मोठा फरक निघतो. सेंदाई विषाणूत जीनमधली मोकळी जागा तीन न्यूक्लिओटाइडची, जवळजवळ सगळीकडे तीच. रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणूत, म्हणजे आरएसव्हीत, ती एका न्यूक्लिओटाइडपासून पन्नासच्या पुढेपर्यंत कितीही. आणि आरएसव्हीच्या शेवटच्या दोन जीनमध्ये तर मोकळी जागाच नाही: एल जीनचा आरंभ त्याच्या आधीच्या एम-२ जीनच्या पोटात आहे, त्याच्या शेवटाच्या ६८ न्यूक्लिओटाइड आधी. पॉलिमरेज एम-२ संपवतं, मग मागे जाऊन एलचा आरंभ शोधतं. तिथून निघालं की ६८ न्यूक्लिओटाइडनंतर पुन्हा तोच एम-२चा शेवट समोर येतो. बहुतेक वेळा ते तिथे थांबतं आणि एक निरुपयोगी छोटा आरएनए बाहेर पडतो. पूर्ण एल एमआरएनए हवा तर तो सिग्नल ओलांडावाच लागतो. थोडक्यात, या एका जागी रीड-थ्रू ही विषाणूची गरज आहे. सगळ्या रीड-थ्रूला चूक समजण्याची सवय मला इथे मोडावी लागली. आरएसव्हीकडे एम-२-१ नावाचं प्रोटीनही आहे, ज्याच्यावाचून पॉलिमरेज जीनच्या मध्येच गळून पडतं, आणि ते असलं की जंक्शनवरचं रीड-थ्रूही वाढतं.

घसरण्याची हीच खोड विषाणू दुसऱ्या कामालाही लावतात. सेंदाई आणि गोवराच्या विषाणूत पी जीनच्या मध्यावर पॉलिमरेज असंच अडखळतं, पण शे-दीडशे ए नव्हे, एखादा जास्तीचा जी घालून पुढे जातं, आणि वाचनाची चौकट बदलून दुसरंच प्रोटीन मिळतं. एबोलाच्या जीपी जीनमध्ये सात यूंवर एखादा जादा ए पडला तरच पृष्ठभागावरचं पूर्ण प्रोटीन तयार होतं. यूंची रांग दिसली म्हणजे तिथे शेवट असणारच, असं समजू नका. शेजारचे न्यूक्लिओटाइड काय आहेत यावर सगळं अवलंबून आहे. सुरुवातीपासूनचं अंतरही मोजलं जातं: व्हीएसव्हीत शेवट-सिग्नल आरंभाच्या फारच जवळ आणून ठेवला तर पॉलिमरेज त्याला जुमानत नाही. शेवट सुरुवातीशी किती बांधलेला आहे याचा एक पुरावा १९७७ चा आहे. एमआरएनएच्या सुरुवातीला असलेल्या टोपीचं (कॅपचं) मिथायलेशन एस-अडेनोसिल होमोसिस्टीनने रोखलं, तर दुसऱ्या टोकाला राक्षसी लांबीच्या ए-शेपट्या तयार झाल्या.

इन्फ्लुएन्झाची गोष्ट वेगळी आणि फार देखणी आहे. तिथे जीनोमच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे सेगमेंटच्या, ५′ टोकापासून साधारण १६ न्यूक्लिओटाइड आत पाच ते सात यू असतात. पॉलिमरेज ट्रान्स्क्रिप्शन करताना जीनोमचं ५′ टोक स्वतःच धरून ठेवतं. जीनोमची दोरी ओढत ओढत ते यूंपाशी येतं, तेव्हा दोरी ताणली जाते, पुढे जायला जागा उरत नाही, आणि तिथल्या तिथे घसरणं सुरू होतं. १९९९ मध्ये पून, प्रिचलव्ह, फोडोर आणि ब्राउनली यांनी यूंच्या जागी ए घातले. एमआरएनएला यू-ची शेपटी आली! नक्कल तिथल्याच अक्षरांची होते याचा इतका साधा आणि निर्विवाद पुरावा मला दुसरा माहीत नाही. असा एक प्रयोग सुचावा असं मला अजून वाटतं.

एरीनाविषाणूंना ए-शेपटीच नसते. त्यांचे जीन सेगमेंटवर समोरासमोर तोंड करून असतात आणि मधल्या आरएनएची घट्ट केशपिन-रचना टर्मिनेशन घडवते. तिथे ऑलिगो-डीटीवर आधारलेली कुठलीही पद्धत कामाची नाही, नॅनोपोरवर थेट आरएनए वाचण्याचा नेहमीचा संचही नाही, कारण त्याचा अडॅप्टर ए-शेपटीलाच धरतो. आधी शेपटी जोडून घ्यावी लागते. बुन्याविषाणूंमध्ये तर आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. ला क्रॉस विषाणूवर १९८० च्या दशकात काम करणाऱ्यांना नळीत फक्त अर्धवट एमआरएनए मिळत होते. त्यात रायबोसोमची यंत्रणा घातल्यावर पूर्ण लांबीचे मिळाले. एमआरएनएवर मागोमाग रायबोसोम चालत असेल तरच पॉलिमरेज मध्येच थांबत नाही. तुम्ही बुन्याविषाणूची लागण झालेल्या पेशींत भाषांतर (ट्रान्सलेशन) रोखणारं औषध घातलं आणि एमआरएनए आखूड आले, तर सिग्नल सापडला म्हणून नाचू नका.

पॉझिटिव्ह-स्ट्रँड विषाणूंबद्दल इथे एवढंच सांगते की त्यांना हे चित्र जसंच्या तसं लावू नका. पोलिओची ए-शेपटी निगेटिव्ह स्ट्रँडवरच्या यूंची नक्कल करून येते, तिच्यासाठी जीनच्या शेवटी थांबण्याचा सिग्नल लागत नाही. कोरोनाविषाणू निगेटिव्ह स्ट्रँड बनवतानाच ठराविक जागी तुटतात आणि जीनोमच्या सुरुवातीला उडी मारतात.

घाबरवलं असेल तर आता थोडा धीरही देते. हा विषय शिकायला एबोलाची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागत नाही. मिनिजीनोममध्ये जिवंत विषाणू नसतो, साध्या लॅबमध्ये काम होतं. सिग्नल छोटे आहेत, दहा-बारा अक्षरांचे. एक अक्षर बदलून काय होतं ते आठवड्याभरात दिसतं. इतक्या स्वच्छपणे उत्तर देणारे विषय जीवशास्त्रात फार नाहीत. आणि सात महिने गेले तरी माणूस उभा राहतो. माझे म्युटंट तेच होते, प्लाझ्मिडं तीच होती. पुन्हा मोजायला मला सात आठवडे लागले.

पहिल्या आठवड्यात काय करायचं ते सांगते. तुमचा म्युटंट बाजूला ठेवा. नैसर्गिक जंक्शन घ्या, आणि सात यूंचे सहा केलेलं जंक्शन घ्या, कारण तिथे काय व्हायला हवं ते आधीच ठाऊक आहे. दोन्हींसाठी एल नसलेली एक विहीर लावा. एक विहीर एल असलेली, पण त्याच्या क्रियाकेंद्रातली जीडीएन ही तीन अमिनो आम्लं बदलून जीएएन केलेली, म्हणजे प्रोटीन तयार होतं पण एन्झाइम मेलेलं. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली एक नळी आणि प्राइमर न घातलेली एक नळी. नैसर्गिक जंक्शनवर दोन वेगळे एमआरएनए आणि रीड-थ्रू अगदी पुसट, सहा यूंवर एकच लांब एमआरएनए, आणि बाकी सगळीकडे काहीच नाही, असं दिसेपर्यंत म्युटंटला हात लावू नका. लावावासा वाटेल, शेजारची मुलं पुढे गेलेली दिसतील. तरी नका लावू.

माझं ते जेल अ‍ॅक्टिनोमायसिनसह पुन्हा केलं तेव्हा लेनचा क्रम मी मुद्दाम तोच ठेवला. औषध उजेडात खराब होतं आणि विषारीही आहे, म्हणून हातमोजे घालून, नळी फॉइलमध्ये गुंडाळून काम केलं. फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली तेव्हा मी आधी सहावी लेन पाहिली. ती रिकामी होती. मग मी पहिल्या लेनकडे आले.